पुढच्याची पाठ आणि मागच्याचे गुडघे

गोंदियाहून दुपारीं सुटलेली विदर्भ एक्सप्रेस अकोला मागें टाकून मुंबईच्या वाटेनें धांवत असते. रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात. भंडारा रोड स्टेशनवर चढलेलें एक वृद्ध जोडपें शयनयानाच्या डब्यांत खालच्या बाकावर डबा उघडून बसलेलें असतें. पोळी-भाजी अर्धी झालेली, भात अजून राहिलेला. त्यांच्या मागें जी फळी पाठ म्हणून उभी आहे ती वस्तुतः मधल्या बर्थची गादी. आणि त्या बर्थचें तिकीट ज्या तरुणाच्या खिशांत आहे तो लग्नघरच्या दोन रात्रींच्या जागरणानें पेंगुळून समोर उभा असतो. फळी वर उचलून सांखळीला अडकविली कीं त्याला आडवें होतां येईल. परंतु फळी वर गेली कीं खालच्या दोघांना मान ताठ ठेवून बसतां येणार नाहीं, मग जेवण तर दूरच. तरुण घड्याळाकडे पाहतो. वृद्ध गृहस्थ डब्याकडे पाहतात. दोघेहि तिकीट काढून आलेले, दोघेहि सभ्य घरांतले, आणि दोघांचेंहि म्हणणें खरें.

हाच प्रसंग नागपूरच्या सोनेगांव विमानतळावरून उडणाऱ्या विमानांत निराळ्या वेषानें उभा राहतो. तेथें पुढच्या आसनावरील प्रवासी हाताशीं असलेलें बटण दाबतो आणि आसनाची पाठ मागें कलते. त्याच्या कमरेला विसावा मिळतो. परंतु त्याच क्षणीं मागच्या माणसाच्या तोंडासमोरची जागा तेवढीच आंखडते, पाटावरचा चहा हिंदकळतो, आणि उंच माणूस असला तर त्याचे गुडघे पुढच्या पाठीला टेकतात. पुण्याकडे रात्रीं जाणाऱ्या खासगी मोटारगाड्यांतील ‘पुशबॅक’ आसनांचीहि हीच कथा. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांसाठीं दिल्लीस वापरलेल्या गाड्या राज्य परिवहन महामंडळानें घेतल्या, तेव्हांपासून ‘एशियाड’ हें नांव आपल्याकडे आरामाच्या बसला चिकटलें. आराम वाढला तसा हा तंटाहि घरोघरीं पोंचला.

प्रश्न दिसावयास क्षुद्र आहे. तीन-चार इंच जागेसाठीं शहाण्यासुरत्या माणसांनीं भांडावें याचें कोणालाहि हसूं येईल. तथापि २०१४ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेलें एक विमान केवळ या तीन-चार इंचांपायीं वाटेंत शिकागोस उतरवावें लागलें. मागच्या प्रवाशानें पुढचें आसन कलूं नये म्हणून त्याला प्लॅस्टिकची एक पाचर बसविली होती. अशी पाचर ‘नी डिफेंडर’, म्हणजे गुडघ्यांचा रक्षक, या नांवानें बाजारांत विकत मिळत असे. ती काढण्यास त्यानें नकार दिला, पुढच्या बाईनें त्याच्यावर पेल्यांतील पाणी फेंकलें, आणि अखेर दोघांनाहि उतरवून विमान पुढें गेलें. त्या विमानांतील इतर सर्व लोकांचा खोळंबा झाला तो निराळाच. तेव्हां ही बाब हंसण्यावारी नेण्यापूर्वीं तिच्यांत नेमकें काय गुंतलें आहे तें पाहणें उचित होईल.

पूर्वीच्या प्रवासांत हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. भंडारा जिल्ह्यांतील माणूस छकड्यांतून किंवा रेंगींतून बाहेरगांवीं निघे तेव्हां त्याच्या मांडीला मांडी लावून बसणारीं माणसें घरचीं किंवा गांवचीं असत. कोणाचें गुडघे दुखतात, कोणाला वारा सोसत नाहीं, हें सर्वांना ठाऊक असे. वाड्यांतल्या ओसरीवर आजोबांची आरामखुर्ची असे, परंतु तिच्या पाठीमागें भिंत असे; माणूस नसे. आगगाडीनें प्रथमच परक्या माणसाला परक्या माणसाच्या इतकें जवळ आणून बसविलें. नागपूरपासून राजनांदगांवपर्यंतचा नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग १८८२ पर्यंत पुरा झाला. पुढें १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें तो हातीं घेऊन रुंदमापी केला. वरठी येथील भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया हीं स्टेशनें याच मार्गावरचीं. या गाड्यांच्या तिसऱ्या वर्गांत कोण कोणाशेजारीं बसेल हें ठरविणारी जातपात नव्हती, वडीलकी नव्हती, ओळखहि नव्हती. होता तो केवळ एक लांकडी बाक.

त्या बाकावर झोंपेची सोय मुळींच धरलेली नसे. १९१७ मध्यें महात्मा गांधींनीं तिसऱ्या वर्गाच्या हालांविषयीं जें लिहून प्रसिद्ध केलें त्यांत मुंबई ते मद्रास या त्यांच्या प्रवासाचें वर्णन आहे. बावीस माणसांच्या डब्यांत बावीस माणसांना बसतां तेवढें येत होतें, निजण्याची सोय नव्हती, आणि प्रवास दोन रात्रींचा होता. १९७४ मध्यें तिसरा वर्ग नांवानें नाहींसा झाला. सामान्य माणसाला रात्रीं पाठ टेकण्यापुरती राखीव जागा मिळाली हें गेल्या शंभर वर्षांतील लहान सुख नव्हे. मधला बर्थ हा त्या सुखाचाच एक भाग आहे. त्यावरून होणारें भांडण हें सुखाच्या पोटीं आलेलें भांडण आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें तर मनाची निम्मी कटुता कमी होते.

आतां मधल्या बर्थची रचना पाहूं या. शयनयानाच्या जुन्या पद्धतीच्या डब्यांत बहात्तर बर्थ असतात. आठ-आठांचे नऊ कप्पे. प्रत्येक कप्प्यांत समोरासमोर तीन-तीन असे सहा, आणि जाण्यायेण्याच्या वाटेपलीकडे खिडकीलगत एकावर एक असे दोन. वरचा बर्थ सदैव पसरलेला असतो. खालचा दिवसा बाक म्हणून तिघांच्या उपयोगीं पडतो. मधला मात्र दिवसा पाठ आणि रात्रीं अंथरूण अशा दोन जन्मांचा धनी असतो. ज्याच्या तिकिटावर मधला बर्थ आहे त्याला दिवसभर खालच्या बाकावर बसण्याचा अधिकार असतो, आणि ज्याचा खालचा बर्थ आहे त्याला रात्रीं तो सबंध बाक निजण्यासाठीं मिळतो. म्हणजे एकाची रात्र सुरू झाली कीं दुसऱ्याचा दिवस संपलाच पाहिजे. अडचण एवढीच कीं सर्वांची रात्र एकाच वेळीं सुरू होत नाहीं.

यासाठीं रेल्वेनें घड्याळाला पंच नेमलें आहे. पूर्वीं झोंपेची वेळ रात्रीं नऊपासून सकाळीं सहापर्यंत धरीत. ऑगस्ट २०१७ अखेर रेल्वे बोर्डानें परिपत्रक काढून ती रात्रीं दहा ते सकाळीं सहा अशी केली. या आठ तासांत मधला बर्थ उघडण्यास कोणालाहि हरकत घेतां येत नाहीं, आणि उरलेल्या सोळा तासांत तो उघडा ठेवण्याचा हट्ट कोणालाहि धरतां येत नाहीं. खिडकीकडच्या वरच्या बर्थवाल्यालाहि या आठ तासांत खालच्या जागेवर बसण्याचा हक्क उरत नाहीं. आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांना या वेळेबाहेरहि झोंपूं द्यावें, अशी विनंति त्याच परिपत्रकांत सहप्रवाशांना केलेली आहे. येथें ‘विनंति’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नियम करणाऱ्यालाहि ठाऊक असतें कीं कांहीं गोष्टी हुकुमानें होत नाहींत. त्या माणसाच्या समजुतीवर सोंपवाव्या लागतात.

मधल्या बर्थसंबंधीं आणखी एक गोष्ट शिष्टाचाराहूनहि मोठी आहे. ती म्हणजे सांखळी. हा बर्थ दोन सांखळ्यांच्या आधारावर तोलून धरलेला असतो, आणि सांखळीचा आंकडा खोबणींत पुरता बसला आहे कीं नाहीं हें उघडणाऱ्यानेंच पाहावयाचें असतें. जून २०२४ मध्यें एर्नाकुलमहून दिल्लीकडे जाणाऱ्या एका गाडींत वरचा बर्थ खालीं निजलेल्या प्रवाशाच्या अंगावर पडला आणि मानेच्या दुखापतीनें तो प्रवासी पुढें दगावला. बर्थ मोडका नव्हता, सांखळी नीट अडकविलेली नव्हती, असें रेल्वेनें त्या वेळीं जाहीर केलें. घाईघाईनें, चिडून, ‘दहा वाजले, उठा’ असें म्हणत धाडकन् उघडलेला बर्थ आणि खालच्या माणसाच्या मदतीनें, दोन्ही बाजूंचे आंकडे हातानें ओढून पाहून लावलेला बर्थ, यांत केवळ सभ्यतेचा फरक नाहीं. खालीं निजणाऱ्याच्या जिवाची हमी वरच्याच्या हातीं असते. ज्यांचा जीव असा एकमेकांच्या हातीं असतो त्यांनीं झोंपण्यापूर्वीं दोन गोड शब्द बोलावेत हें दोघांच्याहि हिताचें.

विमानाची गोष्ट निराळी, कारण तेथें घड्याळाचा पंच नाहीं. तेथें आहे तें केवळ बटण. विमानांतील एका आसनाच्या ठराविक बिंदूपासून मागच्या आसनाच्या त्याच बिंदूपर्यंतचें अंतर मोजून जागा ठरविली जाते. साध्या वर्गांत हें अंतर हल्लीं बहुधा अठ्ठावीस ते एकतीस इंच असतें. यांतच आसनाची जाडी, बसणाऱ्याच्या मांड्या, आणि पुढच्याच्या पाठीशीं असलेला घडीचा पाट, हें सर्व आलें. या जागेंत पुढची पाठ दोन ते चार इंच मागें येते. आसनाचा सांधा खालीं, बैठकीजवळ असतो. म्हणून पाठीचें वरचें टोंक सर्वांत अधिक सरकतें आणि गुडघ्यांजवळचा भाग थोडासाच. यामुळें कलणाऱ्याला वाटतें कीं आपण किंचित् मागें रेललों, आणि मागच्याला वाटतें कीं भिंतच अंगावर आली. दोघेहि आपापल्या जागेवरून खरें तेंच पाहत असतात. मागच्यानें पाटावर लॅपटॉप उघडून ठेवला असेल तर त्याचा पडदा पुढच्या पाठीच्या खांचेंत सांपडून फुटण्याची भीति असते. लहान मूल मांडीवर असेल तर त्याच्या कपाळाला टेंगूळ येण्याची.

उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं सर्व पाठी सरळ कराव्या लागतात. पुष्कळांना ही विनाकारण जाच करणारी शिस्त वाटते. पण तिला सबळ कारण आहे. विमानाचे बहुतेक अपघात याच दोन वेळांच्या आसपास होतात. नव्या जातीचें विमान प्रवाशांसाठीं मंजूर होण्यापूर्वीं, निम्मींच दारें वापरून सगळीं माणसें नव्वद सेकंदांत बाहेर पडूं शकतात, असें सिद्ध करून दाखवावें लागतें. कललेली एक पाठ मागच्या सबंध रांगेची वाट अडविते, आणि नव्वद सेकंदांत ती सरळ करीत बसण्यास कोणाला उसंत नसते. याच कारणानें संकटकालीन दाराच्या पुढच्या रांगेंतील आसनें बहुधा कलतच नाहींत. शेवटच्या रांगेच्या मागें भिंत असल्यामुळें तींहि पुष्कळदां कलत नाहींत. तेथें बसलेल्याला पुढच्याचें कलणें सोसावें लागतें, परंतु स्वतःला मात्र कलतां येत नाहीं. त्याच्यावर विशेष दया करावी. अलीकडे कांहीं कंपन्यांनीं कलणारीं आसनें काढून टाकून थोडी कललेलीच पण न हलणारीं आसनें बसविलीं आहेत. वजन कमी, दुरुस्ती कमी आणि भांडणहि कमी, असा त्यांचा हिशेब.

विमानांत भांडणाला कायद्याचेंहि बंधन आहे. हिंदुस्थानच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें २०१७ मध्यें बेशिस्त प्रवाशांविषयीं जे नियम केले त्यांत तीन पायऱ्या घातल्या. तोंडानें शिवीगाळ व त्रासदायक वर्तन केल्यास तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल असें वर्तन केल्यास दोन वर्षें किंवा अधिक काळ विमानप्रवासास बंदी. म्हणून पुढच्याच्या आसनाला लाथ मारून आपला राग कळविण्याची जी एक रीत दिसून येते ती असभ्य तर आहेच, शिवाय महागहि पडूं शकते. परिचारिकेला बोलवावें आणि ती सांगेल तें मानावें, हा एकच मार्ग तेथें उरतो.

परंतु कायदा बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न राहतोच. ती तीन-चार इंच जागा कोणाची? पुढच्याची, कीं मागच्याची? पुढचा म्हणतो, बटण माझ्या आसनाला आहे, म्हणून जागा माझी. मागचा म्हणतो, जागा माझ्या तोंडासमोर आहे, म्हणून ती माझी. इंग्लंडांत जन्मलेल्या रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानें १९६० मध्यें एक निबंध लिहून असल्याच प्रश्नांचा विचार केला. त्याला १९९१ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें उदाहरण विमानाचें नव्हतें, शेजाऱ्याच्या पिकांत शिरणाऱ्या गुरांचें होतें. गुरांनीं पीक खाल्लें तर शेतकऱ्याचें नुकसान; गुरें अडविलीं तर गुराख्याचें. उपद्रव नेहमी एकाच बाजूनें होतो असें समजणें चूक, एकाला वांचविणें म्हणजे दुसऱ्याला कांहीं तरी सोसावयास लावणें होय, हें त्यानें दाखवून दिलें. आणि दोघांना सहज बोलतां-ठरवतां येत असेल तर, हक्क आरंभीं कोणाकडेहि दिला, तरी ज्याची गरज अधिक त्याच्याकडे ती वस्तु अखेर जाईल, असेंहि त्यानें प्रतिपादिलें.

भंडाऱ्याकडील धानाच्या शेतकऱ्याला हें तत्त्व सांगण्यास विलायतेहून कोणी येण्याची जरूर नाहीं. हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनीं बांधलेल्या जुन्या तलावांचें पाणी वरच्या बांधींतून खालच्या बांधींत असें उतरत जातें. वरच्या बांधीवाल्याला पाणी घेण्याचा आणि जास्त झालेलें सोडण्याचा अधिकार असतो. त्याला कोणी नाहीं म्हणत नाहीं. परंतु खालच्या बांधींत आजच रोवणा झालेला असतांना, रात्रीं न सांगतां धुरा फोडून जो पाणी सोडतो त्याला गांव बरा म्हणत नाहीं. पाणी सोडणें हा दोष नव्हे. न सांगतां सोडणें हा दोष. सांगितलें असतें तर खालच्यानें आपल्या बांधीचें तोंड मोकळें केलें असतें आणि कोंवळे रोप वांचले असते. आसनाची पाठ मागें करणें हें या पाणी सोडण्यासारखेंच आहे. हक्क आहे, पण हक्काच्या वाटेवर दुसऱ्याचें शेत आहे.

माणसें हक्काला किती चिकटून असतात याचा एक मजेदार पडताळा अमेरिकेंतील बुक्काफुस्को आणि स्प्रिगमन या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनीं २०१४ मध्यें घेतला. लांबच्या विमानप्रवासाची कल्पना करावयास सांगून त्यांनीं लोकांना प्रश्न विचारले. कलण्याचा हक्क पुढच्याचा आहे असें धरल्यास, न कलण्याबद्दल पुढच्यानें सरासरी एकेचाळीस डॉलर मागितले. मागचा मात्र अठराच द्यावयास तयार. मग त्यांनीं उलट धरलें. जागा मागच्याची, कलावयाचें तर पुढच्यानें पैसे द्यावे. तेव्हां पुढचा बाराच डॉलर देऊं लागला, आणि मागच्यानें एकोणचाळीस मागितले. जागा तीच, माणसें त्याच जातीचीं. पण जें हातांत आहे त्याची किंमत तिप्पट वाटूं लागते. गमतीची गोष्ट ही कीं पैशाऐवजीं, मागच्यानें खाण्यापिण्याचा कांहीं पदार्थ देऊं केला तर काय कराल, असें विचारल्यावर बहुसंख्यांनीं पाठ सरळ ठेवण्याचें मान्य केलें. जें चाळीस डॉलरांस विकलें जात नाहीं तें पेलाभर सरबतास दिलें जातें. आपल्याकडे डब्यांतला लाडू समोर धरणाऱ्या आजीबाईला हें संशोधन न करतांच ठाऊक असतें.

याचा अर्थ असा कीं हा प्रश्न तिकिटाच्या भाषेंत सुटत नाहीं; तो विचारण्याच्या भाषेंत सुटतो. विचारण्यानें हक्क जात नाहीं. ‘काकाजी, जरा पाठ टेकूं का?’ असें म्हणणाऱ्याला बहुधा ‘टेक ना बाबू, एवढा चहा संपूं दे’ असेंच उत्तर मिळतें. तेंच न विचारतां केलें तर मागचा माणूस तोंडानें कांहीं बोलत नाहीं, परंतु पुढचे दोन तास गुडघ्यांनीं बोलत राहतो. विचारण्यास एक क्षण लागतो. न विचारल्यानें उत्पन्न झालेली अढी मुक्कामापर्यंत सुटत नाहीं.

या धोरणानें वागावयाचें तर कांहीं साधे नियम घरांतील लहानथोरांनीं मनाशीं बाळगावे. पहिला नियम वळून पाहण्याचा. पाठ कलती करण्यापूर्वीं मागें कोण आहे, त्याच्यापुढें काय आहे, हें पाहावें. तो जेवत असेल तर थांबावें. मांडीवर तान्हें मूल असेल तर थांबावें. खूप उंच असेल तर निम्मीच पाठ कलवावी. दुसरा नियम सावकाशीचा. बटण दाबून अंगाचा भार एकदम टाकूं नये. हळूंहळूं, मागच्याला हात आंखडून घेतां येईल इतक्या बेतानें मागें यावें. तिसरा नियम जेवणाचा. विमानांत पाट उघडले कीं सर्व पाठी सरळ व्हाव्या. जेवण संपून भांडीं उचललीं गेलीं कीं पुन्हा पाहावें. चौथा नियम दिवस-रात्रीचा. रात्रीच्या लांबच्या प्रवासांत सगळेच कलतात, म्हणून तेथें कलणें हाच शिष्टाचार होऊन बसतो. नागपूरहून मुंबईस जाणाऱ्या दीड तासाच्या दिवसाच्या विमानांत मात्र झोंपेचा प्रश्न नसतो. तेथें सरळ बसल्यानें कोणाचें फारसें अडत नाहीं.

मागच्या माणसालाहि नियम आहेत, आणि ते पुष्कळदां विसरले जातात. पुढच्याचें आसन कलण्यासाठींच केलेलें आहे, तो कलला म्हणून त्यानें अपराध केला असें समजूं नये. उठतांना पुढच्याची पाठ धरून स्वतःला ओढूं नये. हातदांड्यावर जोर देऊन उठावें. पाटाची घडी आदळूं नये. पाचर, पिशवी किंवा गुडघे लावून पुढचें आसन अडवून धरणें हें तर उघड उघड दुसऱ्याच्या वस्तूवर अतिक्रमण होय. पाय चुकून लागला तर आपल्या लोकांची जी जुनी रीत, हात लावून कपाळाशीं नेण्याची, ती आसनाच्या पाठीआड बसलेल्या माणसापुरतीहि खरी आहे. त्याला दिसलें नाहीं तरी धक्का त्याला लागलेला असतोच.

रेल्वेच्या प्रवाशांनीं आणखी थोडें संभाळावें. खालच्या बर्थवाल्यांनीं जेवण दहाच्या आंत आटोपावें, म्हणजे नियमाचा उच्चार करण्याची पाळीच येत नाहीं. मधल्या बर्थवाल्यानें सकाळीं सहानंतर जाग येतांच फळी उतरवावी; डोळे मिटून जागेपणीं पडून राहणें ही दुसऱ्याच्या बसण्याची चोरी आहे. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना खालचा बर्थ मिळावा म्हणून रेल्वेनें राखीव सोय ठेवली आहे. तरीहि ती सर्वांना पुरत नाहीं, आणि कोणा म्हाताऱ्याच्या नशिबीं मधला बर्थ येतोच. अशा वेळीं तरुणानें आपण होऊन जागा बदलून द्यावी. मागण्याची वेळ म्हाताऱ्यावर आणूं नये. वय झालेल्या माणसाला चढतां येत नाहीं याहून, चढतां येत नाहीं असें चारचौघांत बोलावें लागतें, याचें दुःख अधिक असतें.

या शेवटच्या गोष्टींत या सगळ्या प्रश्नाचें मर्म आहे. गाडी किंवा विमान ही चार-दोन तासांची वस्ती. तेथें कोणाचा हुद्दा दिसत नाहीं, कोणाचें घर दिसत नाहीं. दुसऱ्याला आपली ओळख पटते ती एवढ्यावरूनच कीं, आपल्या हक्काची वस्तु आपण कशी वापरली. १९४९ च्या जानेवारी अखेर रात्रीची हवाई टपाल सुरू झाली तेव्हां दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारी दिशांचीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची देवाणघेवाण करीत आणि पहांटेपर्यंत आपापल्या गांवीं परतत. त्या काळीं विमानांत बसणें हें भंडाऱ्याच्या सामान्य माणसाच्या स्वप्नांतहि नव्हतें. पुढें १९९९ मध्यें भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत बिरसी येथून २०२२ मध्यें नियमित प्रवासी विमान प्रथम उडालें. पुण्याला नोकरीस असलेला मुलगा आईवडिलांना विमानाचें तिकीट पाठवितो. ते प्रथमच त्या अरुंद आसनांत बसतात, पुढची पाठ एकाएकीं अंगावर येते, आणि कांहीं तरी आपल्याच हातून चुकलें असेल असें समजून ते अंग चोरून घेतात. बटण दाबण्यापूर्वीं वळून पाहिलें पाहिजे तें अशांसाठीं.

अकोला सोडून निघालेल्या त्या गाडींत पुढें काय होतें? बहुधा असें होतें कीं वृद्ध बाई डब्यांतली पोळी तरुणाच्या हातावर ठेवतात, वृद्ध गृहस्थ भात भराभर संपवितात, आणि दहाला पांच-सात मिनिटें कमी असतांनाच स्वतः उठून फळी वर उचलावयास हात लावतात. तरुण दोन्ही सांखळ्या ओढून पाहतो. दिवा मालवतो. सकाळीं कल्याण येण्याच्या आधींच तो उठून फळी खालीं करतो, तिघे बाकावर शेजारीं बसतात, आणि चहावाला येतो तेव्हां पैसे कोणीं द्यावयाचे यावरून त्यांचें पहिलें भांडण सुरू होतें.